परदेशी दूध-मटण येणार म्हणे! मग बकऱ्या, म्हशी घ्यायच्या की नाही?



गेल्या काही महिन्यांत चॅनेलवर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न अनुदानाचा नाही आणि शेडच्या खर्चाचाही नाही. तो असा आहे: "सर, ऑस्ट्रेलियाचं मटण येणार, न्यूझीलंडचं दूध येणार, अमेरिकेच्या कोंबडीच्या तंगड्या येणार असं ऐकतो. मग आता कर्ज काढून बकऱ्या घेऊ की थांबू?" विचारणारे कधी मेहकरचे असतात, कधी संग्रामपूरचे, कधी देऊळगाव राजाकडचे.

प्रश्न अगदी रास्त आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या युनिटला १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, ते प्रकल्प खर्चाच्या ५० टक्के. म्हणजे प्रकल्प २० लाखांचा झाला, आणि उरलेले पैसे बँकेचे नाहीतर घरचे. एवढी रक्कम लावणाऱ्या माणसाला आपला माल उद्या कोणाशी स्पर्धा करणार आहे हे माहीत असायलाच पाहिजे. व्हिडिओत घाईघाईने सांगावं लागलं, म्हणून इथे जरा निवांत लिहितो. चहा घेऊन बसा, कारण दुधाचं आणि ढेपेचं गणित मोठं आहे.

आधी आयात शुल्क समजून घ्या

परदेशी माल बंदरावर उतरला की सरकार त्यावर कर लावतं, ते आयात शुल्क. हे शुल्क म्हणजे आपल्या गोठ्याभोवतीचं कुंपण समजा. कुंपण किती उंच ठेवायचं हे सरकार ठरवतं, पण पूर्ण मोकळेपणाने नाही. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि भारत तिचा सभासद झाला. त्या करारात प्रत्येक मालासाठी एक कमाल मर्यादा लिहिलेली असते. शुल्क तिच्या खाली कितीही ठेवा, वर नेता येत नाही.

दुसरा प्रकार मुक्त व्यापार कराराचा. त्यात दोन देश किंवा काही देशांचा गट एकमेकांसाठी कुंपण खाली आणतात. अशा करारात एक यादी असते, "या मालाला हात लावायचा नाही" अशी. आपल्या कामाची यादी हीच. पेपरात बातमी येते "अमुक देशाशी ऐतिहासिक करार", आणि आपण बातमीवर भांडत बसतो. माझं सरळ मत आहे, बातमी वाचू नका, यादी वाचा.

या यादीत दूध कुठे आहे? सध्या दूध पावडरवर ६० टक्के, लोण्यावर ४० टक्के आणि चीजवर ३० टक्के शुल्क आहे. ऑस्ट्रेलियाशी करार झाला, तो २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, त्यात दुग्धपदार्थ बाहेर ठेवले. स्वित्झर्लंड-नॉर्वे वगैरे चार देशांच्या गटाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला, तिथेही दूध बाहेर. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सही झाली, तिथेही तेच. न्यूझीलंडशी बोलणी पूर्ण झाल्याचं २२ डिसेंबर २०२५ ला जाहीर झालं. दूध, दही, चीज वगळलं आहे, पण लहान मुलांच्या दूध पावडरसारख्या काही तयार मालाला टप्प्याटप्प्याने सवलत आहे. म्हणजे मोठं दार बंद आहे आणि बाजूची छोटी खिडकी किलकिली आहे.

दुधाला एवढं का जपतात? न्यूझीलंडमधल्या एका सरासरी डेअरी फार्मवर चारशेहून जास्त गाई असतात. तो देश वर्षाला साधारण २.१ कोटी टन दूध काढतो आणि त्यातलं बहुतेक सगळं पदार्थ बनवून बाहेर विकतो. आपण २०२३-२४ मध्ये २३.९३ कोटी टन काढलं, त्यांच्या अकरापट. पण आपलं दूध दोन म्हशीवाल्या, तीन गाईवाल्या कोट्यवधी घरांतून येतं आणि देशातच संपतं. त्यांच्यासाठी निर्यात हाच धंदा आहे. आपल्यासाठी दूध म्हणजे दर दहा दिवसांनी हातात येणारा नगद पैसा, ज्यातून किराणा येतो आणि पोरांची फी जाते. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत बँकॉकमध्ये आरसेप या मोठ्या आशियाई करारातून बाहेर पडला, त्यामागे दूध हे एक मोठं कारण होतं. त्या गटात न्यूझीलंडही होतं आणि ऑस्ट्रेलियाही.

कुंपण उंच आहे, तरी २०२४ ला भाव का पडला?

आता खरी गोष्ट. दूध सगळ्या करारांतून बाहेर ठेवलं, तरी २०२४ मध्ये महाराष्ट्रात गाईच्या दुधाला लिटरमागे २५-२७ रुपयेच मिळत होते. सरकारला आधी ५ रुपये आणि नंतर ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण डेअरीचा धंदा करणाऱ्याचं अर्धं शिक्षण यात आहे.

गाईचं जे दूध पिशवीत विकलं जात नाही, त्याची डेअरीवाले पावडर आणि लोणी करतात. एका लिटरमधून साधारण ८५ ते ९० ग्रॅम स्किम पावडर निघते, लोणी वेगळं. समजा पावडरचा भाव किलोमागे ५० रुपयांनी उतरला. ५० गुणिले ०.०९ करा, साडेचार रुपये. म्हणजे पावडर ५० रुपयांनी पडली की प्रकल्पवाल्याचे लिटरमागे साडेचार रुपये गेले, आणि ते तो तुमच्या दरातून कापणार. सरकारचं ५ रुपये अनुदान कुठल्या खड्ड्यावर टाकलं होतं ते या एका ओळीत दिसतं.

तेव्हा देशात पावडरचे साठे पडून होते आणि जगाच्या बाजारातही भाव नरम होता, त्यामुळे बाहेर विकायचीही सोय नव्हती. थोडक्यात, परदेशी पावडर देशात न येताही परदेशी भाव देशात येऊन बसतो.

आणि त्याच वेळी, जून २०२४ मध्ये, केंद्र सरकारने १०,००० टन दूध पावडर फक्त १५ टक्के शुल्काने आणायला परवानगी दिली. राज्यात शेतकरी संघटना चिडल्या, आणि चिडणारच. पण हा १०,००० टनांचा आकडा आला कुठून?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. स्वातंत्र्याच्या वेळच्या जुन्या व्यापार करारात भारताने दूध पावडरवर शून्य शुल्काची कमाल मर्यादा मान्य केली होती. तेव्हा आपल्याकडे दूधच कमी होतं, कोणाला फिकीर नव्हती. शिवाय आयात परवान्यावर होती, त्यामुळे शुल्क शून्य असलं तरी माल सहज येत नसे. पुढे परवाना पद्धत सोडायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की कुंपणच नाही! मग २००० च्या सुमारास भारताने पुन्हा वाटाघाटी केल्या आणि ६० टक्क्यांची मर्यादा मिळवली. बदल्यात कबूल केलं की वर्षाला १०,००० टनांपर्यंत पावडर १५ टक्क्यांनी येऊ देऊ. २०२४ ची परवानगी त्या जुन्या कबुलीतून आलेली आहे. चोवीस वर्षांपूर्वीची एक ओळ, आणि तिचा धसका चिखलीच्या दूध संकलन केंद्रावर.

आता मापात बघू. १०,००० टन पावडर म्हणजे साधारण १.१ लाख टन दूध. देशात रोज सुमारे साडेसहा लाख टन दूध निघतं. म्हणजे ही सगळी पावडर देशाच्या चार तासांच्या दुधाएवढी! एवढ्याने भाव पडत नाही. पण साठा घेऊन बसलेल्या व्यापाऱ्याला, खरेदी करणाऱ्या आइस्क्रीम-बिस्किटवाल्याला त्यातून इशारा जातो की सरकार भाव चढू देणार नाही. बाजार मालापेक्षा इशाऱ्याने जास्त हलतो. म्हणून "चारच तासांचं दूध आहे, कशाला ओरडता" असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही.

तुमच्यासाठी यातून काय निघतं? तुमचं दूध कुठे जातं यावर सगळं आहे. आपल्या जिल्ह्यात विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पातून मदर डेअरीचं संकलन आलं, खाजगी डेअऱ्याही आहेत. होल्स्टिन संकरित गाई घेऊन सगळं दूध केंद्रावर घालणार असाल, तर तुमचा दर पावडरच्या दोरीला बांधलेला आहे, हे लिहून ठेवा. प्रकल्प अहवालात दर ३५ धरला असेल तर एकदा २६ धरून हप्ता निघतो का बघा. बँकेचा साहेब हे विचारणार नाही, तुम्ही स्वतःला विचारा.

म्हशीचं दूध जे शेगाव, खामगाव, मलकापूरच्या घरांत, हॉटेलांत, पेढ्याच्या आणि दह्याच्या दुकानांत थेट जातं, त्याची दोरी वेगळ्या खुंट्याला आहे. ताज्या घट्ट दह्याला न्यूझीलंडची पावडर स्पर्धा करत नाही. आणि आपल्याकडे पूर्णाकाठची भुऱ्या रंगाची पूर्णाथडी म्हैस आहे, जी आता देशी जात म्हणून अधिकृत नोंदली गेली आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा हा तिचा पट्टा. मुऱ्हापेक्षा दूध कमी देते हे खरं, पण इथलं ऊन आणि इथलाच कडबा तिला चालतो. नांदुरा-जळगाव जामोदकडच्या मंडळींनी हरियाणात म्हैस आणायला जाण्याआधी एकदा घराजवळ नजर टाकावी.

मटण: भीती जास्त, धोका कमी

ऑस्ट्रेलियाच्या करारात मेंढीच्या मांसावरचं ३० टक्के शुल्क पहिल्याच दिवशी शून्य झालं, म्हणजे २९ डिसेंबर २०२२ ला. न्यूझीलंडच्या करारातही मेंढीचं मांस आणि लोकर शुल्कमुक्त होणार आहे. बातमी खरी आहे. आता सांगा, या काळात तुमच्या गावात मटण स्वस्त झालं का?

नाही झालं, आणि त्याला कारणं आहेत. ते मांस थंड साखळीतून येतं, तुकडे ठरलेले असतात आणि जातं मोठ्या शहरांतल्या तारांकित हॉटेलांत. आपला गिऱ्हाईक डोळ्यासमोर कापलेलं बोकडाचं मटण मागतो. त्याला मेंढीचं दिलं तरी चालत नाही, गोठवलेलं तर लांबच. लग्नाची पंगत असो, देवाचा नवस असो की बकरी ईद, तिथे जिवंत जनावरच लागतं. ईदच्या आधी मुंबईच्या देवनारला देशभरातून बोकड जातात, त्यात रंग, दात, वजन, देखणेपण बघून भाव ठरतो. हा माल पेटीतून येऊ शकत नाही.

म्हणून ज्यांचा बेत बेरारी किंवा उस्मानाबादी शेळ्यांचा आहे, त्यांना मी सांगतो, करारांच्या भीतीने थांबू नका. थांबायचं असेल तर चाऱ्याच्या, मरतुकीच्या आणि विक्रीच्या हिशोबाने थांबा. शेळीपालन बुडतं ते जास्त करून पहिल्या पावसाळ्यातल्या मरतुकीने. कॅनबेराच्या कागदाने ते बुडाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मेंढपाळांचं मात्र वेगळं आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडी-भरडी, तिचं घोंगडं होतं. ऑस्ट्रेलियाची मेरिनो लोकर तलम, तिचे सूट होतात. तिच्यावरचं अडीच टक्के शुल्क काढलं म्हणून घोंगडं मेलं असं म्हणता येणार नाही. घोंगड्याचं गिऱ्हाईक त्याआधीच गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटने नेलं. आज कित्येक ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीही निघत नाही. घोंगडी, आसनं, पिशव्या करून शहरात विकणारे काही जण चांगला भाव घेतात, पण तो हस्तकलेचा धंदा झाला, मेंढपाळाचा नाही.

आणि आपण बाहेर विकू शकतो का?

करार दोन्ही बाजूंनी असतो, हे आपण विसरतो. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, आणि भारतातून जाणाऱ्या शेळी-मेंढीच्या मांसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच आखाती देश आहेत. मग विदर्भातून का नाही?

प्रयत्न झाला होता. २०१८ मध्ये त्या वेळचे खासदार डॉ. विकास महात्मे यांच्या पुढाकाराने नागपूर विमानतळावरून शारजाला जिवंत शेळ्या-मेंढ्या पाठवायचं ठरलं. ३० जून ही तारीखही ठरली. जैन समाजाने आणि प्राणिप्रेमींनी विरोध केला आणि कार्यक्रम ऐनवेळी बारगळला. बरोबर-चूक यात मी पडत नाही. धंद्याच्या नजरेने एवढं बघा की शुल्क, विमान, खरेदीदार सगळं जुळलं तरी वाट गावातच अडू शकते. निर्यातीचा बेत करणाऱ्याने दुसरं गिऱ्हाईक खिशात ठेवूनच बोकड तयार करावेत.

कोंबडीचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत लोक छातीचं मांस खातात, तंगड्या उरतात, म्हणून त्या जगात स्वस्तात विकल्या जातात. भारताने बर्ड फ्लूचं कारण देऊन बंदी घातली होती. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि जून २०१५ मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. बंदी टिकली नाही, पण तंगड्यांवरचं १०० टक्के शुल्क टिकलं. तेच आज आपलं कुंपण. कुठल्याही करारात या १०० च्या आकड्याला हात लागला तर ब्रॉयलरवाल्यांनी त्याच दिवशी कान टवकारायचे. गावरान कोंबडी आणि अंडी विकणाऱ्या ताईंनी मात्र निश्चिंत राहावं, तुमची गिऱ्हाईकं वेगळी आहेत.

खरा परिणाम ढेपेतून येतो

आता मुद्द्यावर येतो. करारांचा सगळ्यात मोठा परिणाम दुधाच्या किंवा मटणाच्या गाडीतून येत नाही, तो खुराकाच्या पोत्यातून येतो. दुधाच्या खर्चात साधारण ६०-७० टक्के वाटा चारा-खुराकाचा, ब्रॉयलरमध्येही तसाच. आणि खुराकाचा कच्चा माल, सोयाबीन, सरकी, मका, हा सगळा जागतिक बाजाराशी बांधलेला. त्यात आपला जिल्हा सोयाबीन-कपाशीचा. म्हणजे आपण एका हाताने सोयाबीन विकतो आणि दुसऱ्या हाताने त्याचीच पेंड विकत घेतो.

२०२१ आठवा. ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेलं होतं, हमीभाव होता ३,९५०. पोल्ट्रीवाले हवालदिल झाले, कारण पेंड परवडेना. त्यांनी सरकारकडे धाव घेतली आणि त्याच महिन्यात १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली. पुढे दोन महिन्यांत आपला नवा माल बाजारात आला तेव्हा भाव जवळजवळ निम्म्यावर होता. नव्या हंगामाची आवकही कारण होतीच, पण आयातीच्या बातमीने तेजीची हवा आधीच काढली होती. कोंबडीवाला वाचला, सोयाबीनवाला पडला. आपल्याकडे कित्येक घरांत हे दोघे सख्खे भाऊ आहेत!

सोयाबीनचं आणखी एक सूत्र लक्षात ठेवा. एका क्विंटलमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या वर पेंड निघते. गिरणीवाला दोन्हीतून पैसे वसूल करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ शुल्क लावलं, मे २०२५ अखेर ते १० वर आणलं. तेल स्वस्त आलं की गिरणीची तेलातली कमाई घटते, मग ती एकतर सोयाबीन स्वस्त मागते किंवा पेंड महाग विकायला बघते. पेंड महाग विकली जाते का? आता तिला नवा स्पर्धक आहे.

त्याचं नाव डीडीजीएस. मका किंवा तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, तो वाळवून पशुखाद्यात घालतात. देशात इथेनॉलचे कारखाने वाढले तसा हा चोथा भरपूर निघायला लागला आणि सोयापेंडेपेक्षा स्वस्त म्हणून खाद्य कारखान्यांनी उचलला. सोयापेंडेची मागणी घटली, हमीभाव ५,३२८ असतानाही सोयाबीन त्याच्या बरंच खाली का विकलं गेलं याचं एक उत्तर इथे आहे. मोताळा-देऊळगाव राजाकडच्या मका उत्पादकाला मात्र याच इथेनॉलने गिऱ्हाईक दिलं. आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत-अमेरिकेचं जे संयुक्त निवेदन आलं, त्यात शुल्क कमी करायच्या मालात डीडीजीएस, पशुखाद्याची लाल ज्वारी आणि सोयाबीन तेल यांची नावं आहेत. सगळे "दूध वाचलं" म्हणून टाळ्या वाजवत होते, मी हे तीन शब्द अधोरेखित करत होतो. कारण ही तिन्ही नावं थेट आपल्या शिवारात येतात. गोठेवाल्याचा खुराक कदाचित थोडा स्वस्त होईल, शेजारच्या सोयाबीनवाल्याची कंबर आणखी वाकेल. अंतिम करार काय होतो, किती टनांची मर्यादा लागते, त्यावर पुढचं अवलंबून.

आता सरकी ढेप. हे कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या करारात वर्षाला ५१,००० टन कापूस शुल्कमुक्त आणायची मुभा आहे. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कच काढलं आणि ती सूट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. बाहेरून येते ती रुई, गाठीत बांधलेली. सरकी येत नाही! खामगावच्या जिनिंगमध्ये आपला कापूस पिंजला गेला तरच सरकी निघते आणि सरकीतून ढेप. शेतकऱ्याने भाव नाही म्हणून कपाशी सोडून दुसरं पीक धरलं की दोन-तीन वर्षांत ढेपेचं पोतं महागणार. दुधाला सगळ्या करारांतून बाहेर ठेवलं, पण म्हशीच्या टोपल्यातल्या ढेपेला कोणी बाहेर ठेवलं नाही.

म्हणून माझा आग्रह असा: नव्या माणसाने पहिल्या वर्षी अर्धा एकर तरी नेपियर, मेथीघास, दशरथघास, शेवरी असं घरचं हिरवं उभं करावं आणि मगच जनावर आणावं. विकतच्या खुराकावर शंभर बकऱ्यांचं बंदिस्त युनिट चालवणं म्हणजे आपल्या नफ्याची चावी दिल्ली, शिकागो आणि कुआलालंपूरला ठेवण्यासारखं आहे. सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, हरभऱ्याचं गूळ हे आपल्या भागात अजून कमी दरात मिळतं. हंगामात भरून ठेवणारा आणि मार्च-एप्रिलमध्ये शोधत फिरणारा, यांच्या खर्चात फार फरक पडतो. कुठलाही व्यापार करार करू शकणार नाही एवढा.

कानातला बिल्ला

शेवटचा विषय रोगांचा. शुल्क शून्य झालं तरी माल जाईलच असं नाही, कारण प्रत्येक देशाला जनावरांच्या रोगांचं कारण देऊन माल अडवायचा हक्क आहे. फक्त त्याला शास्त्रीय आधार लागतो. कोंबडीच्या खटल्यात भारत तिथेच हरला. आपल्या मांसाला युरोप-अमेरिकेची दारं बंद राहण्यामागचं मोठं कारण लाळ-खुरकूत आहे. म्हणून सप्टेंबर २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे: लाळ-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी, वासरांना सांसर्गिक गर्भपाताची. जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला मारून या लसीकरणाची नोंद होते.

"आम्हाला कुठे दुबईला पाठवायचंय" असं म्हणून बरेच जण बिल्ला टाळतात. पण बिल्ला आता घरच्या पैशाशी जोडला आहे. २०२४ चं दूध अनुदान ज्यांच्या जनावरांची टॅगची नोंद होती आणि बँक खातं जोडलेलं होतं त्यांच्याच खात्यात गेलं. १ जून २०२४ पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. विम्याचा दावा करतानाही आधी टॅगच विचारतात. तेव्हा बाजारातून बकरी घेताना दात आणि कास बघता तसा कानही बघा, बारा आकडे वाचून जुन्या मालकाकडून नोंद आपल्या नावावर करून घ्या. टॅग पडला असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नवा मारून मिळतो, आणि जनावर आजारी असेल तर १९६२ वर फोन केला की फिरत्या पथकाची चौकशी करता येते.

पुढच्या व्हिडिओत ५० शेळ्यांच्या युनिटचा हिशोब फळ्यावर मांडणार आहे, दर तीन धरून: चांगला, मधला आणि २०२४ सारखा. तुमच्या भागातला ढेपेचा आणि कुटाराचा आजचा भाव खाली लिहून ठेवा, तोच आकडा घेऊन गणित करू.